निषेध : देखाव्याचा आणि कृतीचा

स्मरणिकेसाठी इतिहासातले काही लिहावे, अशी मंडळाची सूचना आली. हल्ली निषेध, मोर्चा, आंदोलन हे शब्द मोबाईलवर रोज येऊन आदळतात. एखादे चित्र ‘स्टेटस’ला लावले की कर्तव्य संपले, असे पुष्कळजणींना वाटते. उलट, असल्या चित्रांनी काहीच होत नाही, असेही काहीजणी म्हणतात. मला ही दोन्ही मते अर्धवट वाटतात.

संदेश आणि रस्ता यांची जोडी नवी नव्हे. १९४२ च्या चळवळीत वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ते सारखी जागा बदलीत. १२ नोव्हेंबरला उषाताई पकडल्या गेल्या व पुढे त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. इकडे ९ सप्टेंबर १९४२ रोजी आपल्या नंदुरबारात विद्यार्थ्यांनी मिरवणूक काढली. पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. एक काम आवाजाचे, दुसरे पावलांचे. पण दोन्हीकडे स्वतःचे काही पणाला लागले होते.

पुढे १९७२ साली शहादे भागात श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्ल समाजातील अंबरसिंग सुरतवंती हे तिचे एक अग्रणी. गेलेल्या जमिनी व तुटपुंजी मजुरी यांवरून तो लढा चालला होता. त्यात उतरलेल्या आदिवासी स्त्रियांनी लवकरच आपला प्रश्न पुढे आणला : दारू, आणि दारूपाठोपाठ येणारी मारहाण. घोळक्याने जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांच्या हाती मोबाईल नव्हता. एकमेकींची सोबत होती.

मग मोबाईलचा उपयोग काय? तोही मोठा आहे. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईस पोहोचला. त्यात आदिवासी स्त्रिया पुष्कळ होत्या. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही मुख्य मागणी होती. फोड आलेल्या पायांची छायाचित्रे घरोघरी मोबाईलवर पोहोचली आणि मुंबईकर अन्न, पाणी, चपला घेऊन रस्त्यावर आले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून मोर्चेकरी रात्रीतून शहरात चालत गेले, हेही सर्वांना कळले. सरकारने लेखी आश्वासन दिले. परंतु छायाचित्रे लोक विसरले, आश्वासने रखडली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच लोकांना पुन्हा चालावे लागले.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. त्याच्या निषेधार्थ २ जून २०२० रोजी लक्षावधी लोकांनी मोबाईलवर नुसता काळा चौकोन लावला. हेतू चांगला होता. पण त्या चौकोनांच्या गर्दीत आंदोलकांना हवी असलेली उपयुक्त माहितीच दिसेनाशी झाली!

तात्पर्य असे की, संदेश म्हणजे दवंडी. दवंडी ऐकून माणसे चावडीवर जमली तर काम होते. प्रत्येकजण घरात बसून दवंडीच पिटू लागला तर नुसता गलका होतो.

आपल्यापुरते एकच सांगते. गावातले परवान्याचे दारूदुकान बंद करण्यासाठी आपल्या राज्यात स्त्रियांना मतदानाचा मार्ग आहे. एकूण स्त्री-मतदारांपैकी २५ टक्के स्त्रियांनी सहीनिशी मागणी करावी लागते. मग मतदानात निम्म्याहून अधिक स्त्रियांनी बाटली ‘आडवी’ करावी लागते. ही टक्केवारी हजर स्त्रियांची नव्हे, यादीतल्या सर्व स्त्रियांची असते. म्हणजे घरी राहिलेली बाई दुकानाच्याच बाजूने मोजली जाते, मग तिचे स्टेटस काहीही असो. म्हणून निरोप मोबाईलवर जरूर पाठवा. पण त्या दिवशी शेजारणीचे दार ठोठावून तिला बरोबर घेऊन या.