माळीवाडा वेशीतून आत, १८४२

जून १८४२. माळीवाडा वेशीतून तुम्ही आत येता. पेशवाई बुडून चोवीस वर्षं झाली, अहमदनगरचा तट अजून उभा आहे आणि पहिल्या पावसानं रस्ताभर काळा चिखल झालाय. जोडे हातात घ्या.

आधी मुलांच्या सरकारी शाळेत डोकवा. गावठी शाळेत धूळपाट्या आणि पावकी-निमकीचा गलका. इथं मात्र एका पोराच्या हातात छापील पुस्तक आहे. वाकून पाहा: ‘इसपनीती’. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी इंग्रजीवरून १८२८ साली मराठीत आणलेली. त्याच साली त्यांचं ‘बाळमित्र’ही आलं, मूळ लेखक बर्कँ हा फ्रेंच, तोही इंग्रजीच्या वाटेनं आपल्याकडे पोचला. पोरगा बाळबोध अक्षरांवर बोट ठेवून अडखळत वाचतो. गोष्ट संपली की खाली तात्पर्य.

आजवर नीती कानानं यायची. कीर्तनातून, मनाच्या श्लोकांतून, आजीच्या कहाण्यांतून. सांगणारं माणूस समोर असायचं. ते स्वतः कसं वागतं हेही पोरांना ठाऊक असायचं. आता मुलानं चांगलं कसं वागावं हे एका अनोळखी माणसानं लिहिलेल्या पानातून, एकट्यानं वाचून शिकायचं. मला हा बदल फार मोठा वाटतो, गोष्टीतल्या सिंह-कोल्ह्यांहून कितीतरी मोठा.

पण इथं मुली नाहीत. त्या पाहायच्या तर मिस सिंथिया फरार यांच्या शाळेत चला. अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ पासून आहे, फरारबाई १८३९ पासून. सत्तेचाळिशीच्या, लग्न न केलेल्या, न्यू हॅम्पशायरहून आलेल्या. मुली ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं घोकताहेत. बाहेर लोक कुजबुजतात, पोरी बाटतील म्हणून. ती भीती पोकळ नाही, मिशनचा हेतू उघडच आहे. त्यांचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही याच महिन्यात याच गावातून सुरू झालंय. तरी आया मुलींना धाडतात, कारण इथं अक्षर मिळतं. आणि अक्षराची ओळख झाली की ते कुठल्याही पुस्तकात ओळखीचंच. पुढे अशा शाळा पाहून जोतीराव फुले १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढतील.

संध्याकाळी एका घराच्या ओसरीवर टेका. करडईच्या तेलाचा दिवा मिणमिणतोय. मघाच्या पोराची बहीण फरारबाईंकडे जाते. भावाचं पुस्तक तिनं हळूच उचललंय. पोरांसाठी छापलेलं ते पुस्तक ती आजीला वाचून दाखवते, भावापेक्षा सफाईनं. सिंह जाळ्यात अडकतो, उंदीर जाळं कुरतडतो. आजी वाती वळता वळता थांबते.

“उंदरानंच सोडवला म्हन की!”

“हो आजे.”

“आन् ते खाली बारीक काय लिवलंय?”

“तात्पर्य. लहानाला हलकं समजू नये, असं.”

“ते ऱ्हाऊ दे, ते मला कळलं. तू म्होरली वाच.”

भाऊ आतून ओरडतो, “माझं पुस्तक!”

“गप रं,” आजी म्हणते. “तुझं काय पळून चाललंय व्हय? वाच गं तू.”