जालन्यात गाड्या विहिरीत का पडतात? रस्त्याकडेचा धोका समजून घ्या

18 जुलै 2024, आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. पंढरपूरहून परतलेले वारकरी जालना-राजूर रस्त्याने काळी-पिवळी जीपमधून गावाकडे निघाले होते. तुपेवाडीजवळ दुचाकीला वाचवताना चालकाचा ताबा सुटला आणि जीप रस्त्याकडेच्या विहिरीत पडली. 7 जणांचा मृत्यू झाला. ऑगस्ट 2025 मध्ये जाफ्राबाद तालुक्यातल्या गाडेगव्हाणजवळ कार विहिरीत पडली आणि 5 जणांचा जीव गेला.

चूक चालकाची की रस्त्याची?

अपघाताची सुरुवात बहुतेकदा वेगातून होते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशातल्या रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा मृत्यू झाला. त्यातले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

पण रस्ता सोडलेली गाडी शेतात गेली, तर माणसं वाचू शकतात. तिथे विहीर असेल तर तीच चूक जीवघेणी ठरते. म्हणून रस्त्याची कडा मोकळी ठेवावी लागते. ते शक्य नसेल तिथे मजबूत कठडा, संरक्षक पट्टी आणि रात्री चमकणारे फलक हवेत.

कायदा काय सांगतो?

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसेल आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जादा प्रवासी भरल्यास प्रत्येक जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे.

गाडी पाण्यात पडली तर?

पाण्याच्या दाबामुळे दार उघडत नाही. त्यामुळे लगेच सीटबेल्ट सोडा, काच खाली करा आणि खिडकीतून बाहेर पडा. आधी मुलांना बाहेर काढा. बाहेर असाल तर 112 किंवा 108 वर फोन करा. मदत करणाऱ्याला कलम 134अ चं संरक्षण आहे.

तुमच्या रस्त्यालगत अशी विहीर आहे?

फोटो आणि नेमकं ठिकाण देऊन लेखी अर्ज करा. राज्य मार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावरस्त्यासाठी जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. अर्जाची पोच नक्की घ्या.