बडोदे संस्थान आणि डॉक्टर घडवण्याचा खर्च

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत बडोदे संस्थानाने शिक्षणावर सढळ हाताने खर्च केला, 1890 साली कलाभवन काढले आणि 1906 मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले; वैद्यकीय महाविद्यालय मात्र महाराजांच्या हयातीत निघाले नाही. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हे समजण्याजोगे आहे, कारण मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून डॉक्टर तयार करत होते आणि अहमदाबादच्या वैद्यकीय शाळेतून 1871 पासून हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे थोड्या मुदतीत शिकून निघणारे साहाय्यक, बाहेर पडत होते. तयार माणूस पगारावर मिळत असताना तो घडवण्याचा खर्च ब्रिटिश सरकारच्या खाती पडत होता.

परदेशी उच्च शिक्षणासाठी संस्थान शिष्यवृत्ती देई आणि बदल्यात नोकरीचा करार लिहून घेई. त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला वैद्यकाबाहेरचा आहे: 1913 साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांकरिता मंजूर झाले आणि दहा वर्षे चाकरीची अट पडली. 1917 मध्ये ते रुजू झाले खरे, पण अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळेना आणि थोड्याच दिवसांत बडोदे सोडावे लागले. शिक्षणावरचा खर्च इथे वाया गेला तो विद्यार्थ्याच्या नव्हे, शहराच्या वर्तनामुळे, आणि करारनाम्यात अशा तोट्याला रकाना नसतो.

वैद्यकीय शिक्षणाचा खरा भार इमारतीपेक्षा खाटांचा असतो, कारण रोग्याच्या उशाशी उभे राहिल्याशिवाय विद्यार्थी तयार होत नाही. हे भांडवल बडोद्यात आधीच गुंतलेले होते: 1886 मध्ये पायाभरणी झालेले काउंटेस ऑफ डफरिन रुग्णालय पुढे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल झाले. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार देशात सुमारे 47,500 डॉक्टर होते आणि त्यांतले बहुसंख्य लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी परवान्यावर व्यवसाय करणारे होते. समितीने हा खालचा वर्ग बंद करून सर्वांना एकच पदवी असावी असे सुचवले, आणि स्वस्त शिक्षणाचा मार्ग बुजला. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 30 एप्रिल 1949 रोजी सुरू झाले, दुसऱ्याच दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी निघालेल्या बडोदे मेडिकल कॉलेजला हे रुग्णालय शिकवण्यासाठी मिळाले.

संस्थान गेले, कराराची पद्धत राहिली: गुजरातच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून ग्रामीण सेवेचा बाँड घेतला जातो आणि सेवा न केल्यास ठरलेली रक्कम भरावी लागते.