एका डॉलरची शाळा

अमेरिकेतील मराठी माणसाच्या आगमनाची शताब्दी आपण साजरी करीत आहोत. आपल्यापैकी बहुतेकांचे संसार इथे १९६५ च्या कायद्यानंतर उभे राहिले. तरीही शंभर वर्षांचा हिशेब मांडताना आपण दोन स्त्रियांपाशी जाऊन थांबतो. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांची कथा आपण मुलांना सांगतो. रमाबाईंनी या देशातून परत काय नेले, हे मात्र क्वचितच सांगतो. म्हणून या स्मरणिकेत ती हकीकत नोंदवावी असे आम्हाला वाटले.

रमाबाईंचे शिक्षण आईपाशी झाले. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे अनंतशास्त्री डोंगरे घरदार सोडून तीर्थयात्रा करीत फिरत आणि पुराणे सांगत. १८७० नंतरच्या दशकात दुष्काळ आणि उपासमारीत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा होती. निराधार झालेल्या मुलीचे पुढे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

अमेरिकेत त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. लहान मुलांना खेळातून, हाताने काम करीत शिकवण्याची किंडरगार्टन पद्धत त्यांनी इथे अभ्यासली. गावोगावी व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्याखाली ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदाने दरसाल निदान एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे. देणाऱ्या बहुतेक सामान्य घरातल्या बाया होत्या. हिंदुस्थान त्यांनी पाहिला नव्हता. तरीही दहा वर्षांचा शब्द त्यांनी दिला, आणि आम्हाला या व्यवहारातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. शाळा सुटलेल्या मुलीला एका वर्षाच्या देणगीने काही होत नाही. ती शिकून पायांवर उभी राहीपर्यंत कोणीतरी टिकून राहावे लागते.

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. पहिली विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी ही बालविधवा. त्या काळी नवरा वारला की मुलीचे केस जात, चांगले कपडे जात आणि शिकण्याचे नावही निघत नसे. सदनात तिला पाटीबरोबर राहायला घर मिळाले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील आणि मुली आपापले आचार पाळतील, असे ठरले होते.

पुढचा भाग अवघड आहे, पण तो गाळून इतिहास सांगता येत नाही. रमाबाई ख्रिस्ती होत्या. त्यांच्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दिलेला शब्द मोडला असे एक बाजू म्हणे, तर मुलींना दार बंद करणार नाही असे रमाबाई म्हणत. दोन्ही बाजूंचे म्हणणे आज समजून घेता येते. पण भांडण मोठ्यांचे होते आणि शाळा मात्र मुलींची सुटली, काहींची तर दुसऱ्यांदा. ही खंत कोणत्याही बाजूने पुसली जात नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, आईबाप गमावलेल्या मुली पाहून त्यांना आपलेच दिवस आठवले. शेकडो मुली त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला घेतून ठेवलेल्या शेतावर त्यांना नेले. तेच पुढे 'मुक्ती' झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजारावर गेली.

हाडांचा सापळा झालेल्या मुलीपुढे पाटी ठेवून शिक्षण सुरू होत नाही. आधी अन्न आणि शुश्रूषा, मग झोपायला ठरलेली जागा आणि उठण्याची ठरलेली वेळ, आणि त्यानंतर अक्षरे. शारदा सदनात शिकलेल्या मुलीच या नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या. काल ज्यांना आधार मिळाला, त्यांनीच आज दुसऱ्यांना आधार दिला. वर्गाच्या जोडीला शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना होता. खिळे जुळवणाऱ्या मुलीला वाचता येणे भागच होते. अंध मुलींसाठी ब्रेल होते. मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती मिशन होते. त्याविषयी मतभेद असू शकतात, पण ज्या मुलींना दुसरे कोणी विचारत नव्हते त्या तिथे वाचू लागल्या, हेही तितकेच खरे.

सदनातल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याला गेला. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. मोठ्या वयात अक्षरे गिरवून त्या आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि १९१८ मध्ये आश्रमासाठी अमेरिकेला आल्या. इंग्रजी येत नव्हते, म्हणून लोकांच्या घरी घरकाम करीत त्या इथे राहिल्या.

आपल्या आगमनाच्या इतिहासात पदव्या आहेत, नोकऱ्या आहेत, बांधलेली घरे आहेत. त्याच इतिहासात परक्या मुलींसाठी दरसाल एक डॉलर देणाऱ्या अमेरिकन बाया आहेत आणि आश्रमासाठी परक्या घरची भांडी घासणाऱ्या पार्वतीबाईही आहेत. गावाकडच्या एखाद्या मुलाचा बाप गेला आणि शाळा सुटली असे आज कळले, की आपण एकदा पैसे पाठवून मोकळे होतो. त्या बायांनी दहा वर्षांचा शब्द दिला होता. शताब्दीच्या वर्षी आपण निदान एका मुलासाठी तसा शब्द द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.