ग्रीड म्हणजे जॉबवर्कच की!

कुपवाड एमआयडीसीजवळ वाढलेल्याला ग्रीड कॉम्प्युटिंग समजायला वेळ लागत नाही. आपल्या शेडमध्ये ऑर्डर मावेना, की शेजारच्याकडे जॉबवर्कला पाठवायची!

जिनिव्हाजवळच्या सर्नपुढे हाच प्रश्न होता. एलएचसीतून वर्षाला सुमारे १५ पेटाबाइट डेटा येईल असा अंदाज होता. एका छताखाली ते झेपणारं नव्हतं, मग काम जगभर वाटलं. त्यातली एक शेड आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये. बीएआरसीच्या इंजिनियरांनी तर ग्रीडवर देखरेखीचं सॉफ्टवेअरही लिहून दिलं.

मला भारी वाटतं ते वेगळंच. १९८७ मध्ये अमेरिकेनं आपल्याला मोठा क्रे महासंगणक नाकारला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक, १९९१ मध्ये परम ८००० (ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे). आणि ग्रीडवर? मुंबईच्या मशीनवर परदेशातल्या कुणाचा तरी प्रोग्राम चालू लागला, आपला तिकडे. देश कुठला ते महत्त्वाचं नाही, डिजिटल सर्टिफिकेट दाखवायचं. अनोळखी माणसाचा कोड, आपला सर्व्हर! इथे शेजारच्या टीमला लॉगिन द्यायला आठवडा जातो.. असो.

४ जुलै २०१२ ला हिग्जसारखा कण सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा सर्नच्या प्रमुखांनी श्रेय देताना यंत्र आणि प्रयोगांसोबत ग्रीडचंही नाव घेतलं.