भित्तिपत्रक

भित्तिपत्रक : सार्वजनिक ठिकाणी भिंतीवर किंवा फलकावर चिकटविण्यासाठी मोठ्या कागदावर छापलेली, चित्र व मजकूर यांचा मेळ साधणारी सूचना वा जाहिरात. मराठीत ती ‘पोस्टर’ या नावाने अधिक परिचित आहे. चालत्या माणसाने काही क्षणांत पाहावी व आशय लक्षात ठेवावा, ही भित्तिपत्रकाची मूळ अपेक्षा होय. ते दीर्घकाळ टिकावे, असा हेतू त्यात सहसा नसतो. तथापि तात्पुरत्या उपयोगासाठी निर्माण झालेली ही वस्तूच पुढे सामाजिक इतिहासाचे व संकल्पनकलेच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरली. अधिकृत दप्तरांत ज्यांची नोंद क्वचितच होते, अशा लोकांच्या आवडीनिवडी, भीती, आकांक्षा व वेशभूषा यांचे दर्शन तीत घडते. मात्र हे साधन वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात.

उगम व तंत्र : चित्रमय भित्तिपत्रकाचा उदय शिलामुद्रणाशी निगडित आहे. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात हे तंत्र शोधून काढले. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर ते आधारलेले आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर स्निग्ध खडूने चित्र काढून दगड ओला केला, की तैलयुक्त शाई केवळ रेखाटलेल्या भागावरच धरते. खिळ्यांच्या छपाईत अक्षरे व चित्र यांची सांगड घालणे कष्टाचे असे. शिलामुद्रणात मात्र दोन्ही एकाच हाताने, एकाच दगडावर रेखाटता येऊ लागली. १८३७ मध्ये गोदफ्र्वा एंगेलमान याने रंगीत शिलामुद्रणाचे एकस्व घेतले. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे व तो नेमक्या जागी जुळवावा लागे. रंग वाढला, की खर्चही वाढे. जुन्या भित्तिपत्रकांत आढळणारे सपाट रंगांचे मोठे भाग व ठसठशीत बाह्यरेषा यांमागे कलादृष्टीइतकेच हे आर्थिक कारणही होते.

पॅरिसमधील विकास : लंडनमध्ये छपाईचा अनुभव घेऊन परतलेल्या झ्यूल शेरे (१८३६–१९३२) याने १८६६ मध्ये पॅरिसमध्ये मुद्रणालय काढले. मोजक्या रंगांच्या दगडांतून असंख्य छटा साधण्याचे त्याचे कौशल्य असामान्य होते. त्याने एक हजाराहून अधिक भित्तिपत्रके केली. नृत्यगृहे, नाटके, दिव्याचे तेल, पेये यांच्या जाहिरातींत त्याने रंगविलेली हसती, मोकळ्या वृत्तीची तरुणी शहरी करमणुकीच्या नव्या जगाचे प्रतीक बनली. २९ जुलै १८८१ च्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कायद्याने भित्तिपत्रके लावण्यावरील बंधने सैल झाली व पॅरिसच्या भिंती चित्रांनी भरून गेल्या. ‘येथे पत्रके लावू नयेत’ अशा अर्थाची, या कायद्याचा हवाला देणारी सूचनाही तेथील इमारतींवर तेव्हापासूनच दिसू लागली.

आंरी द तूलूझ-लोत्रेक याने १८९१ मध्ये मुलँ रूझ या नृत्यगृहासाठी केलेले भित्तिपत्रक या कलेला वेगळे वळण देणारे ठरले. काळ्या छायाकृतींची पार्श्वभूमी, कापून टाकल्यासारखी पुढची आकृती व सपाट रंगयोजना यांत जपानी काष्ठमुद्रांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. आल्फॉन्स मुखा याने अभिनेत्री सारा बर्नार हिच्या जिस्मोंदा या नाटकासाठी केलेले उंच, अरुंद भित्तिपत्रक १८९५ च्या प्रारंभी झळकले व नवकलाशैली घराघरांत पोहोचली. याच सुमारास संग्राहकांची संख्या वाढली. चिकटविलेली भित्तिपत्रके ओली करून रात्री काढून नेण्याचे प्रकार होऊ लागले व १८९५ ते १९०० या काळात निवडक भित्तिपत्रकांच्या २५६ लहान प्रतिकृतींची मालिका पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. रस्त्यावरील वस्तूला कलावस्तूचा दर्जा मिळाल्याची ही खूण होय.

आकृतिबंधाचे सुलभीकरण : विसाव्या शतकात वाहनांचा वेग वाढला, तशी भित्तिपत्रकातील तपशिलांची संख्या घटली. बर्लिनमध्ये ल्युसिअन बर्नहार्ड याने १९०५-०६ च्या सुमारास प्रीस्टर आगपेट्यांसाठी केवळ दोन काड्या व उत्पादकाचे नाव एवढेच ठेवले. ‘वस्तुनिष्ठ भित्तिपत्रक’ या जर्मन संप्रदायाचा हा प्रारंभ मानतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत फ्रँक पिक याने १९०८ पासून नामवंत चित्रकारांकडून भित्तिपत्रके करून घेतली. १९१६ मध्ये एडवर्ड जॉन्स्टन याने तेथे खास अक्षरवळण सिद्ध केले. फ्रान्समध्ये कासांद्र याच्या १९२७ मधील रेल्वेविषयक व १९३५ मधील नॉर्मंडी या जहाजाच्या भित्तिपत्रकांत यंत्रयुगाचा अभिमान भूमितीय रूपात प्रकट झाला. रशियात १९१९ ते १९२१ या काळात मायाकोव्हस्की, चेरेमनिख इत्यादींनी वृत्तसंस्थेच्या खिडक्यांसाठी छिद्रपटाच्या साहाय्याने चित्रपत्रके केली. कागदाची व मुद्रणसाधनांची टंचाई आणि निरक्षर जनता या दोहोंना दिलेले ते उत्तर होते.

युद्ध व प्रचार : ब्रिटनमध्ये १९१६ च्या प्रारंभापर्यंत सक्तीची सैन्यभरती नव्हती, त्यामुळे पुरुषांचे मन वळविण्याचे काम भित्तिपत्रकांवर पडले. १९१५ मधील एका प्रसिद्ध भित्तिपत्रकात आरामखुर्चीत बसलेल्या पित्याला मांडीवरची मुलगी महायुद्धातील त्याच्या कामगिरीविषयी विचारते. पायाशी मुलगा खेळण्यातील सैनिक मांडत असतो. युद्ध संपल्यानंतरचे हे कल्पित दृश्य आहे. शत्रूचा द्वेष वा राजनिष्ठा यांऐवजी येथे मध्यमवर्गीय गृहस्थाच्या लाजेला हात घातलेला आहे. अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅग याने काढलेल्या, प्रेक्षकाकडे बोट रोखणाऱ्या ‘अंकल सॅम’च्या ४० लाखांहून अधिक प्रती १९१७-१८ मध्ये छापल्या गेल्या. त्यामागे आल्फ्रेड लीट याने १९१४ मध्ये काढलेल्या किचनरच्या चित्राची प्रेरणा होती.

भारतातील परंपरा : भारतात या कलेची पूर्वपीठिका रंगीत शिलामुद्रित देवदेवतांच्या चित्रांत आढळते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्थापन केलेले मुद्रणालय पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले. तेथील चित्रे घरोघरी भिंतींवर लागली. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या मुद्रणालयासाठी काम केले होते. अशा रीतीने मुद्रित चित्र व चलच्चित्र यांचे नाते महाराष्ट्रात आरंभापासूनच जडले.

चित्रपटाच्या चित्रमय भित्तिपत्रकाचे आद्य श्रेय बहुधा बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांना दिले जाते. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगविण्यात त्यांचा हात तयार झाला होता. त्यांच्या कल्याण खजिना (१९२४) या मूकपटाच्या भित्तिपत्रकाची गणना भारतातील उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांत होते. रंगभूमीवरील पडद्यांची खोली, छायाप्रकाशाचा खेळ व वेशभूषेचा थाट यांची परंपरा या पत्रकांत उतरली. त्या काळातील बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या ज्वालाग्राही फितींचा मोठा साठा जळाला. परिणामी अनेक चित्रपटांच्या बाबतीत भित्तिपत्रक, पुस्तिका व स्थिरचित्रे एवढाच पुरावा शिल्लक आहे.

मुंबईत १९३० नंतरच्या दशकात मोठे फलक हाताने रंगविणाऱ्या कारागिरांचा वर्ग तयार झाला, चित्रकार म. फि. हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात हे काम केले. १९३५ मध्ये सर ज. जी. कलाविद्यालयात व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला व १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. हिंदी चित्रपटांच्या जुन्या भित्तिपत्रकांवर नागरी, उर्दू व रोमन अशा तीन लिपींत शीर्षके आढळतात. पुढील काळात त्यांतील उर्दू लिपीचे प्रमाण घटत गेले. भाषा व प्रेक्षकवर्ग यांच्या बदलत्या संबंधांचा हा बोलका पुरावा होय.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनानेही या माध्यमाचा मोठा वापर केला. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात खेडोपाडीच्या भिंतींवर पोहोचला. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत, १९७५ मध्ये, देवीचा रोगी कळविणाऱ्यास १,००० रु. बक्षीस जाहीर करणारा मजकूर महाराष्ट्रातील भिंतींवर सर्वत्र दिसे. रोग्यांचा शोध संपत आला, तसतशी बक्षिसाची रक्कम वाढविण्यात आली होती. त्यामुळे या मजकुरांतील आकडाही मोहिमेची प्रगती सांगतो. संगणकीय मुद्रणाच्या प्रसारानंतर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लॅस्टिकच्या फ्लेक्स फलकांनी हाताने रंगविलेल्या फलकांची जागा घेतली व हे कारागीर बेकार झाले.

साधन म्हणून मर्यादा : भित्तिपत्रक समाज कसा होता यापेक्षा, लोकांनी काय मानावे असे ते काढणाऱ्याला वाटत होते, हे अधिक विश्वसनीयपणे सांगते. त्याची आजची प्रसिद्धी हा तत्कालीन प्रभावाचा पुरावा नव्हे. ब्रिटिश सरकारने १९३९ मध्ये ‘शांत राहा व काम चालू ठेवा’ अशा आशयाच्या पत्रकाच्या सुमारे २४.५ लाख प्रती छापल्या. त्या फारशा लावल्याच गेल्या नाहीत व बहुतेकांचा पुढे लगदा करण्यात आला. इंग्लंडमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात २००० मध्ये एक प्रत सापडल्यावर ते जगभर गाजले. बाही सरसावून दंड दाखविणाऱ्या अमेरिकन स्त्रीकामगाराचे चित्र १९४३ मध्ये एका कंपनीच्या कारखान्यांत केवळ दोन आठवडे लावलेले होते. स्त्रीमुक्तीचे प्रतीक म्हणून त्याची ख्याती १९८० नंतरची आहे. म्हणून चित्राइतकाच तळाचा बारीक मजकूर महत्त्वाचा ठरतो. मुद्रकाचे नाव व मालिकेचा क्रमांक, तसेच फ्रान्समधील पत्रकांवरील कराचे तिकीट यांवरून काळ व प्रसार यांचा अंदाज बांधता येतो. भारतातील निवडणूक-पत्रकांवर मुद्रक व प्रकाशक यांची नावे देणे कायद्याने आवश्यक आहे.

जतन : कोणती भित्तिपत्रके उरली, यात योगायोगाचा भाग मोठा असतो. न लावलेल्या प्रती, छापखान्यातील रद्दी व संग्राहकांचे छंद यांमुळेच बहुतांश नमुने वाचले. बर्लिनमधील दंतवैद्य हान्स झाक्स याने सुमारे १२,५०० भित्तिपत्रके जमविली होती व १९१० ते १९२१ या काळात या विषयाला वाहिलेले नियतकालिकही चालविले. तो ज्यू असल्याने १९३८ मध्ये नाझी राजवटीने हा संग्रह जप्त केला. झाक्स अमेरिकेत निघून गेला. संग्रहाचा उरलेला भाग युद्धानंतर बर्लिनच्या संग्रहालयात आढळला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१२ मध्ये त्यातील चार हजारांहून अधिक भित्तिपत्रके त्याच्या वारसास परत देण्याचा निर्णय दिला. पोलंडमध्ये व्हिलानूव्ह येथे १९६८ मध्ये भित्तिपत्रकांचे स्वतंत्र संग्रहालय स्थापन झाले. भारतात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) चित्रपट-भित्तिपत्रकांचा मोठा संग्रह केला. परंतु नाट्यप्रयोग, कामगार-सभा, जत्रा, तमाशाचे फड व स्थानिक निवडणुका यांची पत्रके क्वचितच सांभाळली गेली. ज्यांच्या जीवनाविषयी अन्य लिखित साधने तुटपुंजी आहेत, त्यांच्याच इतिहासाची ही हानी असल्याने, अशा पत्रकांचे स्थळ व काळ यांच्या नोंदीसह होणारे जतन अभ्यासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते.