जर्मन भाषेतील दिनांक

जर्मन भाषेत दिनांक दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहितात. दिवसाच्या आकड्यापुढे टिंब देतात : ३. ओक्टोबर १९९०. हे टिंब संक्षेपाचे किंवा शोभेचे नसून आकडा क्रमवाचक असल्याची खूण आहे. त्यामुळे वाचताना ‘ड्राय’ (तीन) न म्हणता ‘डेर ड्रिटे ओक्टोबर’, म्हणजे ‘ऑक्टोबरचा तिसरा’, असे म्हणावे लागते. १ ते १९ पर्यंतच्या संख्यांना ‘टे’ आणि २० पासून पुढे ‘स्टे’ हा प्रत्यय लागतो. एर्स्टे (पहिला), ड्रिटे (तिसरा), झीबटे (सातवा) आणि आख्टे (आठवा) ही रूपे मात्र वेगळी पाठ करावी लागतात.

शिकणाऱ्याची खरी परीक्षा विभक्तीत होते. ‘आज तीन तारीख आहे’ यासाठी ‘हॉयटे इस्ट डेर ड्रिटे’. तेच ‘हाबेन’ क्रियापद वापरून सांगायचे तर ‘विअर हाबेन हॉयटे डेन ड्रिटेन’. आणि ‘तीन तारखेला’ म्हणायचे तर ‘आम ड्रिटेन’. सगळे महिने पुल्लिंगी असल्याने निदान लिंगाची भानगड नाही. बोलताना महिनाही अनेकदा क्रमांकानेच सांगतात : ३.१०. हे ‘डेर ड्रिटे त्सेन्टे’, म्हणजे ‘तिसरा दहावा’. तारीख विचारण्याचा रूढ प्रश्न ‘डेर वीफिल्टे इस्ट हॉयटे?’ असा आहे.

दोन अंकी संख्येत एकक आधी येतो. २१ म्हणजे ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, एक आणि वीस. एकवीस, बावीस म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा क्रम इंग्रजी भाषकाइतका जड जाऊ नये. विसाव्या शतकातील वर्षे शेकड्यांत मोजतात : १९८९ हे ‘एकोणीसशे एकोणनव्वद’ याच धर्तीवर; २००० नंतर ‘त्स्वाइ-टाउझेंट’ (दोन हजार) पासून पुढे. नुसत्या वर्षाआधी ‘इन’ लावणे प्रमाण जर्मनमध्ये चूक मानतात. वर्ष तसेच सांगावे किंवा ‘इम यार’ जोडावे.

कार्यालयीन लेखनाच्या डीआयएन ५००८ या मानकात ०३.१०.२०२४ आणि २०२४-१०-०३ या दोन्ही पद्धती आहेत. रोजच्या वापरात पहिलीच दिसते. कंपन्यांच्या नियोजनात तारखेऐवजी ‘कालेंडरवोखे’, म्हणजे वर्षातील आठवड्याचा क्रमांक, सर्रास चालतो. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ४ जानेवारी ज्या आठवड्यात पडते तो पहिला. ‘इन आख्ट टागेन’ (आठ दिवसांनी) म्हणजे आपल्यासारखाच एक आठवडा. पण आपण ‘पंधरा दिवसांनी’ म्हणतो तिथे जर्मन माणूस चौदाच मोजतो.

प्रांतभेदही आहेत. ऑस्ट्रियात जानेवारीला ‘यानुआर’ऐवजी ‘येनर’ म्हणतात. उत्तर व पूर्व जर्मनीत शनिवार ‘झाम्सटाग’ऐवजी ‘झोनआबेंट’ होतो. फोनवर ‘यूनी’ (जून) आणि ‘यूली’ (जुलै) यांत गल्लत होऊ नये म्हणून बोलणारे मुद्दाम ‘यूनो’ आणि ‘यूलाय’ असे उच्चार करतात. हे उच्चार लेखनात आणू नयेत.